नाट्यमंडळाला एक मुलगी कमी

मावशीच्या घरी रविवार उजाडायचा तो पेजेच्या वासानं. मावशी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. आठवडाभराच्या पांढऱ्या साड्या ती रविवारी सकाळी भाताच्या पेजेत बुडवायची, आणि त्या पिळायला दुसरं टोक धरायची मी. साडी पिळताना ती मला आठवडाभराचे प्रश्न विचारायची. अभ्यास काय केला, कोणाशी बोलली, पत्र टाकलं का अकोल्याला. उत्तर पटलं नाही की तिकडून अशी पीळ द्यायची की माझं मनगट फिरायचं. दोन खोल्यांचं घर, मागं न्हाणी, शेजारी पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा सुरू झाला की आम्ही ओरडूनच बोलायचो, आणि तो बंद पडला तरी पाच मिनिटं ओरडतच राहायचो. माझा आवाज मोठा आहे असं लोक अजून म्हणतात, तो त्या गिरणीनं केला. मावसाजी मी यायच्या आधीच वारले होते. घरात आम्ही दोघीच, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा नि बुद्धाचा फोटो, ज्यांच्यासमोर उभं राहून मी परीक्षेच्या दिवशी जरा जास्त वेळ वंदना म्हणायची.

मी अकोल्याची. बाबा पोस्टात होते. मुलीला बाहेरगावी ठेवायचं तर मावशीकडंच, ही त्यांची अट. दर पंधरा दिवसांनी कोणी ओळखीचं अमरावतीला येणार असलं की आई त्याच्या गळ्यात पिशवी घालायची : तिखट, खारोड्या, ज्वारीचं पीठ, कधी तिळाची चटणी. मावशी ती पिशवी उघडून आधी नाक मुरडायची. "माही बहीण काय समजते, अमरावतीत ज्वारी नाही भेटत?" आणि संध्याकाळी त्याच पिठाची भाकर थापायची, वांगं-आलूची रस्सेदार भाजी करायची, आणि जेवताना म्हणायची, "पीठ मात्र अकोल्याचंच चांगलं बाप्पा." मी आज पासष्टीच्या पुढं आहे, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरनं तिखट बंद केलंय, तरी त्या भाजीची तर्री आठवली की तोंडाला पाणी सुटतं. सुटू दे.

माझी नात आता त्याच शहरात शिकते. तिच्या कॉलेजात मंडळाला नवे सभासद हवे असले की मोबाइलवर एक फॉर्म फिरवतात. नाव टाका, आवड टाका, बटण दाबा, झालं. मी तिला म्हटलं, आमच्या वेळी एक मुलगी मंडळात आणायची म्हणजे तीन माणसं, एक रविवार आणि पावभर पेढे लागायचे. ती हसली. तिला वाटलं आजी फेकून राहिली. म्हणून हे लिहायला बसले.

कॉलेजात आमचं नाट्यमंडळ होतं. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि मंडळाची चिटणीस होते. चिटणीस म्हणजे झाडण्यापासून भांडण्यापर्यंत सगळं. मुलं भरपूर होती, मुली दोन. एक मी आणि दुसरी एक बिचारी, जिला पाठांतर व्हायचं पण प्रेक्षक दिसले की हिचकी लागायची. तोवर बायकांची कामं मुलंच साडी नेसून करायची. त्या वर्षी प्राचार्यांनी सांगितलं, हा पोरखेळ बंद. बायकांची कामं बायका करतील, नाही तर एकांकिका स्पर्धेला जायचं नाही. आणि स्पर्धा होती अकोल्यात. माझ्या गावात! बाबा पहिल्या रांगेत बसलेत, आई पदर डोक्यावर सारखा करतेय, आणि मी रंगमंचावर, हे चित्र मी जूनपासून डोक्यात रंगवून ठेवलं होतं. एकांकिकेत बाया तीन, आमच्याकडं दोन. एका मुलीवाचून सगळं अडलं होतं.

ती मुलगी मला बसस्टँडवर सापडली. आमच्याकडं बसमध्ये जागा धरायची पद्धत म्हणजे खिडकीतून रुमाल आत टाकायचा. ज्याचा रुमाल, त्याची सीट. त्या दिवशी एका गृहस्थानं आपला दुपट्टा टाकला होता, त्यावर एक म्हातारी येऊन बसली, आणि तो तिला उठवत होता. म्हातारी उठायलाही लागली होती. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक मुलगी उभी राहिली. काळीसावळी, दोन वेण्या, हातात वह्या. तिनं तो दुपट्टा उचलला, खिडकीतून बाहेर फेकला आणि म्हणाली, "जा आता, तिथं बस. तुही जागा तिथं हाय!" मी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला, गिलावड्याच्या गाडीवर उभी होते. मधे दोन बसगाड्या सुरू होत्या, चेहराही धड दिसत नव्हता. तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. माझ्या हातातला वडा द्रोणातच राहिला. मनात म्हटलं, माय वो, हा आवाज तर शेवटच्या रांगेच्याही बाहेर जाईल!

चौकशी केली. नाव द्वारका. पहिल्या वर्षाला, नांदगाव पेठेच्या पुढच्या एका खेड्यातून रोज येते. आता त्या बाजूला कापडाचे मोठाले कारखाने झालेत, तेव्हा सगळी कपाशीच होती. आता कोणीही शहाणा माणूस विचारेल, की तुला मुलगी सापडली, एकाच कॉलेजात आहे, मग जाऊन तिला विचार ना! पण आमची रीत तशी नव्हती. मुलीला आधी विचारायचंच नाही. आदल्या वर्षी दोघींना आम्ही कॉलेजात विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या, आणि घरी कळल्यावर दोघींच्या बापांनी, "आमाले न पुसता पोरीले फूस लावता?" म्हणून आमच्या तेव्हाच्या सरांची अशी काढली की विचारू नका. तेव्हापासून नियम ठरला : आधी घरी जायचं, वडीलधाऱ्यांशी बोलायचं, चहा प्यायचा, आणि चहा पोटात जाईपर्यंत 'नाटक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नाटक म्हटलं की लोकांना तमाशाच दिसायचा. आधी मुलगी पाहून घ्यायची, कामाची वाटली तरच विषय काढायचा. या रीतीचा मला तेव्हा केवढा अभिमान होता!

तर त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. मी, मावशी आणि मंडळाचे सर. सर आमचे नवे होते, अठ्ठावीस-एकोणतीसचे, लग्न व्हायचं होतं. खेड्यात जायचं म्हणून त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि केसांना इतकं तेल लावलं होतं की बसच्या खिडकीत त्यांचं डोकं चमकत होतं. वडीलधारं माणूस सोबत हवं म्हणून मावशी, कडक पेजेच्या साडीत. आणि तिनं वाटेत पावभर पेढे घेतले. "रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जाऊ नये." इतकं सगळं सांगितल्यावर वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. आमच्या मात्र तिघांच्याही लक्षात आलं नाही. मावशीच्या लक्षात यायला हवं होतं, असं मी पुढं वर्षानुवर्षं तिला म्हणत आले, आणि ती म्हणायची, "चिटणीस कोन होतं? तू का मी?"

दारात द्वारकेचे वडील उभेच होते. उंच, वाळलेले, नवी टोपी. सगळे त्यांना महादेवभाऊ म्हणत. "या, या, वाटच पाहून राहिलो," म्हणाले. आम्हाला वाटलं, कॉलेजातून कोणी निरोप दिला असेल. "अकोल्याचेच ना?" मी म्हटलं, "हो, मी अकोल्याची." झालं! त्यांना त्या दिवशी अकोल्याकडून मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, हे आम्हाला काय ठाऊक. ते पाहुणे आलेच नाहीत, त्यांच्या जागेवर आम्ही जाऊन बसलो. सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात वेचलेल्या कापसाचा ढीग छतापर्यंत, घरभर पोह्यांच्या फोडणीचा वास. महादेवभाऊंनी सरांना जवळ बसवून घेतलं. नोकरी पक्की आहे का? सर म्हणाले, यंदाच पक्की झाली. वावर किती? गावाकडं सहा एकर. आता खेड्यात माणूस माणसाला एवढं विचारतोच, त्यात काय. मग सरांनी घसा साफ केला आणि आमचं ठरलेलं भाषण सुरू केलं. "तुमची मुलगी आमच्याकडं आली, तर काळजीचं कारण नाही. आम्ही जपू. वेळच्या वेळी घरी आणून सोडू." महादेवभाऊ जरा चमकले, मग हसून म्हणाले, "सनावाराले धाडा म्हंजे झालं. दिवाळीले तं धाडालच." सर म्हणाले, "दिवाळीत सुटीच असते आमची."

आणि ती आली. ताटात पोहे, वर शेव आणि तळलेली मिरची. गुलाबी साडी, मान खाली, आणि चालताना डावा पाय ओढत. मी मावशीकडं पाहिलं. मावशीचं सगळं लक्ष नर्सच्या नजरेनं त्या पायाकडं. मावशीनं नाव विचारलं, तर ओठ हलले, आवाज नाही. मला वाटलं लाजली असेल. मी म्हटलं, "जरा त्या दारापर्यंत चालून दाखव बरं." ती लंगडत गेली, लंगडत आली. महादेवभाऊ घाईनं म्हणाले, "काटा मोडला असन," पण मला ती सारवासारव वाटली. मी म्हटलं, "काही वाचून दाखव मोठ्यानं." महादेवभाऊंनी उत्साहानं पेपर आणून दिला. तिनं असं वाचलं की पेपरलाही ऐकू गेलं नसेल. तरी मी हार मानेना. "मोठ्यानं हसता येतं का तुला? हसून दाखव." दाराआडून तिच्या आईनं महादेवभाऊंकडं पाहिलं, की हे कुठले पाहुणे बाई! द्वारका हसली नाही. एकदाच तिनं वर पाहिलं, आणि ती नजर आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे. भाल्यासारखी. मी ती नजरही वाचू शकले नाही. बसस्टँडवरची मुलगी दुसरीच कोणी असावी, नावात घोटाळा झाला असावा, असं ठरवून मी सरांना खूण केली. सर उठले, हात जोडले, म्हणाले, "कळवतो." पेढे तिथंच राहिले.

यानंतर जे झालं त्याला मी एकटी जबाबदार आहे. गावाच्या फाट्यावर बसची वाट पाहत उभे होतो. चहाच्या टपरीवर पाच-सात माणसं. आणि मी, गिरणीशेजारी वाढलेला माझा आवाज घेऊन मावशीला म्हणाले, "पोरगी लंगडते गं, अन् तोंडातून आवाज नाही. आपल्या काय कामाची?" मावशीनं चिमटा काढला, पण तोवर उचलली जीभ लावली टाळ्याला! टपरीवरच्या एकानं कपातून मान वर करून माझ्याकडं पाहिलं, एवढं मला आठवतं. मग बस आली आणि आम्ही निघून गेलो.

दोनेक आठवड्यांनी मी कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. काउंटरवर भांडण चाललं होतं. "मी तीन पुस्तकं नेली तं तीनच वापस करीन ना! चौथं काय घरी छापून आनू?" मी ताडकन उठले. तोच आवाज. तीच मुलगी, दोन वेण्यांची. भांडण जिंकून ती वळली आणि चालायला लागली, ताठ, झपझप, माझ्याहून सरळ. मी आडवी गेले. "ए, तू... तू तर लंगडत होती!" ती थबकली. मला ओळखलं तशी तिच्या डोळ्यांत आग आली. "अन् तुमी इथं काय करून राहिल्या? तुमी तं त्या नवरदेवाची बहीण ना?"

कोणत्या नवरदेवाची? मग आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि एकमेकींना सगळं सांगितलं. मी सांगितलं की तो नवरदेव नाही, आमचे सर, आणि आम्ही नाटकासाठी मुलगी शोधत आलो होतो. तिनं ऐकलं, आणि आधी हसत सुटली. तेच हसू, जे मी मागितलं होतं आणि तिनं दिलं नव्हतं. वाचनालयातली पोरं दारात येऊन पाहायला लागली. आणि हसता हसता ती रडायला लागली. "मले लगनच नव्हतं कराचं. म्हनून लंगडली. आवाज गिळला. म्हनलं नापसंत करतीन अन् जातीन. मले काय मालूम तुमी नाटकाचे! शाळेत मी दर गॅदरिंगले काम केलं, बाई. कॉलेजात आली तईपासून त्या नाट्यमंडळाच्या फळ्याकडं रोज पाहून राहिली. कोनी इचारन म्हनून."

पुढचं तिनं डोळे पुसून सांगितलं. आम्ही गेल्यावर संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, की अकोल्याच्या पाहुण्यांनी महादेवभाऊची पोट्टी नापसंत केली, पायात खोट हाय म्हणे. पुढच्या रविवारी दुसरे एक पाहुणे यायचे होते, त्यांच्या कानावर गेलं, त्यांनी नाहीच म्हणून सांगितलं. बायका पाणी भरताना तिच्या पायांकडं पाहायच्या. ती सरळ चालली तर म्हणायच्या, औषध लावलं असन. आणि आता वडिलांनी ठरवलं होतं : कॉलेज बंद, जो हो म्हणेल त्याला मुलगी द्यायची. एक बिजवर तयार झाला होता, दोन लेकरांचा. पुस्तकं परत करायलाच ती आली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते तिनं केलं, पण त्या अवलक्षणाची दवंडी पिटली मी. मुलगी शोधायला गेले आणि तिचं घरच मोडून आले, असं वाटलं. मला त्या पायरीवर जागच्या जागी मरून जावंसं वाटलं.

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं थापायची थांबवली नाही. "घान तू केली, तं साफबी तूच कर," म्हणाली. मग तवा उतरवून हात धुतले. "मी येतो संग. चाल, उद्याच." सरांना विचारलं, तर ते दोन पावलं मागं सरले. "मी नाही येत बुवा. या वेळी मला थेट मंडपात बसवतील."

हे प्रकरण लिहायच्या आधी मी द्वारकेला फोन केला. ती आता नागपूरला असते. म्हटलं, लिहू का गं? ती म्हणाली, "लिव्ह. पन माह्या बाबाले वाईट नको दाखवजो." मी म्हटलं, तुझ्या बाबाला वाईट दाखवायची माझी छाती आहे का!

तर आम्ही दोघी गेलो. महादेवभाऊ अंगणात कापसाच्या गाठोड्याला दोरी बांधत होते. आम्हाला पाहिलं आणि दोरीला अशी गाठ मारली की मला ती माझ्याच गळ्याला बसल्यासारखी वाटली. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सुरू केलं आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. आम्ही पाहुणे नव्हतो, नाटकवाले होतो. फाट्यावर बोलणारी मीच. चूक माझी. तुमच्या मुलीत काही खोट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यावरून कळतंच. पहिल्या वेळी आपल्यातलेच समजून त्यांनी आम्हाला ताटं दिली होती. मावशी शांत उभी होती. आडनाव ऐकून लोक असे थांबतात, याची तिला सवय होती. तेवढ्यात आतून द्वारकेची आई बाहेर आली, हातात चहाच्या कपबशा, त्याच मागच्या वेळच्या, निळ्या काठाच्या. "उभ्या काहून ठेवल्या पाहुन्या? बसा वो बाई," म्हणाली आणि बाजेवर फडकं झटकलं. महादेवभाऊंनी तिच्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि तिच्या हातातून आपला कप घेतला. आम्ही बसलो.

दोन घोट चहा पिऊन ते एकदम भडकले, पण भलत्याच गोष्टीवर. "म्हंजे माही पोरगी तुमी नाटकात नापास केली?" "तिचा आवाज नाही म्हनता? अवो, ही इथून हाक मारते तं तिसऱ्या वावरातले बैल उभे राह्यते! द्वारके, बाहीर ये!" द्वारका आली. "चाल." ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. "पुन्हा चाल. गोठ्यापर्यंत जा." ती गेली नि आली. एव्हाना शेजारच्या कुडावरून दोन डोकी वर आली होती, मग पाच झाली, मग दारात बायका. महादेवभाऊंना तेच हवं होतं. "पाहा, पाहून घ्या सारे! कोन म्हनते लंगडी?" त्यांचा आवाज मधेच फाटला. मला तेव्हा समजलं की दोन आठवडे या माणसानं गावात मान खाली घालून काढले होते.

आणि मग तिची आई बोलली. हळूच. "चालते तं पाह्यलं. लंगडली काहून, हे तं इचारा तिले एकदा."

महादेवभाऊ वळले. "काहून वो? काहून लंगडली तू?"

द्वारका गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. "मले लगन नाही कराचं आताच, बाबा. मले शिकाचं हाय."

"मंग मले सांगाचं ना, पोरी!"

"सांगतलं असतं तं आयकलं असतं तुमी?"

मला वाटलं आता ते हात उचलतील. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्या घडीवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "नाही. नसतं आयकलं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, भर अंगणात, कुडावरच्या साऱ्या डोक्यांसमोर. असा कबूल होणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही फार पाहिले नाहीत. आपली लेक गावात लंगडी ठरायला तयार झाली, पण आपल्याशी बोलायला नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मावशीनं उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला, दवाखान्यात एखाद्या नातेवाइकाला द्यावा तसा. त्यांनी तिच्या हातून घेतला आणि प्याले.

मी तरी त्यांच्याहून काय वेगळं केलं होतं? तिला चालवलं, वाचायला लावलं, हस म्हटलं. तुला काय पाहिजे, हे एका शब्दानं विचारलं नाही. एकाच कॉलेजात, एकाच फळ्यासमोरून रोज जाता-येता, तोंड उघडून विचारलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. पाहुणे तरी मुलगी पाहायला आलोय असं सांगून येतात. मी मंडळाचा फॉर्म पिशवीतून काढला. खाली 'पालकांची सही' अशी ओळ होती. तिथं बोट ठेवून मी महादेवभाऊंपुढं धरला. म्हटलं, "भाऊ, स्पर्धा अकोल्यात आहे. माझ्या आईजवळ राहील ती. तुम्ही हो म्हटलं तर..."

त्यांनी फॉर्म घेतला. अक्षर अक्षर लावत वरपासून खालपर्यंत वाचला. बिजवराला नाही म्हणून सांगावं लागेल, असं तोंडातल्या तोंडात बायकोला म्हणाले. सही मात्र केली नाही. "मले काहून इचारून राहिल्या?" म्हणाले, आणि फॉर्म धरलेला हात खांबाकडं केला. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली असावी, कारण शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"द्वारके, तुले जाचं हाय काय नाटकात?"

ती आमच्याकडं पाहतच नव्हती. बापाकडं पाहत होती. "हो, बाबा," म्हणाली. इतकं हळू, की मी चार हातांवर असून मला फक्त ओठ हललेले दिसले. आणि या वेळी ती सोंग करत नव्हती.

महादेवभाऊंनी डोळे पुसले, टोपी डोक्यावर ठेवली आणि कान पुढं केला. "आयकू नाही आलं," म्हणाले. "जोरानं सांग."

मग तिनं असं सांगितलं की कुडावरची डोकी एकदम खाली गेली आणि गोठ्यातले दोन्ही बैल उठून उभे राहिले.